खिळ्यावरचे नाणे

पिक्वॉड जहाजाच्या मधल्या डोलकाठीवर कप्तान आहाबाने सोन्याचे एक नाणे खिळ्याने ठोकून ठेवले आहे आणि पांढरा देवमासा ज्याच्या दृष्टीस प्रथम पडेल त्याला ते इनाम मिळावयाचे आहे, एवढे तरी हर्मन मेल्व्हिलच्या ‘मोबी डिक’ची पारायणे केलेल्या माझ्या व्यवसायबंधूंना नव्याने सांगण्याचे कारण नाही. मला बोलावयाचे आहे ते नव्व्याण्णवाव्या प्रकरणाविषयी. कारण समीक्षकाच्या धंद्यावर इतके निर्दय लेखन समीक्षकांनी एकमेकांवरही केलेले माझ्या वाचनात नाही. नाणे इक्वेडोरचे. त्यावर तीन शिखरे. एकावर ज्वाला, दुसऱ्यावर बुरूज, तिसऱ्यावर आरवणारा कोंबडा आणि वर राशिचक्राचा एक तुकडा. जहाजावरची मंडळी एकामागून एक त्यापाशी येतात. आहाबाला तिन्ही शिखरांत आहाबच दिसतो. पापभीरू स्टारबकाला ख्रिस्ती त्रैक्य दिसते. स्टब पंचांग आणून राशींच्या क्रमाने मनुष्याचे सबंध आयुष्य लावून दाखवितो आणि मग चरबी कढविण्याच्या भट्टीआड दडून इतरांची वाचने ऐकत उभा राहतो. क्वीक्वेग नाण्यावरच्या खुणा आपल्या अंगावरच्या गोंदणाशी ताडून पाहतो. अखेरीस पिप नावाचा बुद्धिभ्रंश झालेला पोरगा येतो, ‘पाहणे’ या क्रियापदाची सर्व पुरुषांची रूपे घोकतो, आणि हे नाणे म्हणजे जहाजाची बेंबी आहे, ती पिळून काढावयास सारे टपले आहेत, पण काढली तर पुढे काय, असे काहीतरी बरळून निघून जातो.

माझा उभा जन्म बेंब्या पिळून काढण्यात गेला. हे मी पश्चात्तापाने लिहीत नाही. त्या कामात मला विलक्षण गती होती आणि माझ्या परीक्षणांतील प्रतीकविवरणाचे परिच्छेद विद्यार्थी वह्यांत उतरवून घेत, हे कानांवर आले की मी मुद्दाम विषय बदलीत असे, तो अर्थातच पुन्हा निघावा म्हणून. परंतु दृष्टी मंदावल्यापासून माझे वाचन कानांनी चालते. दुपारी नात वाचते, मी ऐकतो. हातात पेन्सिल नाही, समासात खूण नाही, मागचे पान उलटून पुढच्याशी सांधा जुळवून पाहण्याची सोय नाही. वाक्य येते आणि जाते. पांढऱ्या रंगावरच्या प्रकरणात पेगूच्या राजांच्या श्वेत गजापासून पारशांच्या वेदीवरील शुभ्र ज्वालेपर्यंत सारे एकाच वाक्यात गुंफले आहे. ते वाचता वाचता पोरीचा दम संपला, तिने मध्येच थांबून पाणी घेतले आणि क्रियापद यावयाच्या आधीच त्या रंगाचे जे काही भय आहे ते खोलीत येऊन बसले. पेन्सिलवाल्या समीक्षकाने त्या वाक्याचा केवळ निष्कर्ष अधोरेखित केला असता.

नाण्याच्या प्रकरणात मात्र निराळेच झाले. धाकटा अधिकारी फ्लास्क हा सरळ मनुष्य. त्याला नाण्यात ना देव दिसतो ना दैव. सोळा डॉलरांचे नाणे, दोन सेंटाला एक चिरूट, तेव्हा नऊशे साठ चिरूट आले, एवढाच त्याचा भावार्थ. नात थबकली. “आजोबा, आठशे होतात.” मला ते ठाऊक होते, आणि ठाऊक असल्याचे मी तत्काळ सांगूनही टाकले, परंतु मला ते मुद्रित टिपेवरून ठाऊक होते आणि तिने ते बोटांवर काढले होते, हा फरक मला त्या दिवशी जेवणापर्यंत सलत राहिला. ही चूक फ्लास्कची की मेल्व्हिलची? फ्लास्कची म्हणावी, तर जगाचा व्यवहार तेवढा खरा मानणाऱ्या माणसाला व्यवहारही येत नाही, असा झकास अर्थ निघतो. मी तो एका व्याख्यानात काढलाही आहे आणि सभागृह हसले आहे. मेल्व्हिलची म्हणावी, तर घाईने मजकूर लिहून काढणाऱ्या कर्जबाजारी लेखकाचा हिशेब चुकला, इतकेच उरते, आणि इतकेच उरलेले कोणत्याही समीक्षकाला परवडत नाही. माझे सारे अडते ते येथे. अर्थ कोठे संपतो आणि हलगर्जी कोठे सुरू होते, याची सरहद्द आखून देणारा अंमलदार या मुलुखात नेमलेलाच नाही.

कथानकाच्या बाबतीत तर हा पेच पहिल्याच दिवशी पडला होता. 1851 च्या ऑक्टोबरात लंडनला बेंटली या प्रकाशकाने ही कादंबरी ‘द व्हेल’ या नावाने तीन खंडांत काढली, तीत उपसंहाराचे ते छोटे पानच नव्हते. क्वीक्वेगसाठी घडविलेल्या शवपेटीच्या आधाराने कथेचा निवेदक इश्माएल तरंगत राहिला आणि दुसऱ्या जहाजाने त्याला उचलले, हे त्या पानावर आहे. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कला निघालेल्या आवृत्तीत ते आले. साहजिकच काही इंग्रज परीक्षकांनी विचारले की, सगळेच बुडाले तर ही हकीकत सांगितली कोणी? त्यांना हसण्याची चाल आहे. मला हसवत नाही. जो दस्तऐवज पुढे आला त्यावर त्यांनी निवाडा दिला, आणि मी त्यांच्या जागी असतो तर तेच वाक्य अधिक चुरचुरीत लिहून दिवसभर स्वतःवर खूश राहिलो असतो. शिवाय उपसंहार असूनही शंका फिटत नाहीच. आहाब केबिनीत एकटा बसून स्वतःशी जे बोलतो, ते इश्माएलने कोठून ऐकले? बल्किंग्टन नावाचा देखणा खलाशी थाटामाटाने कथेत येतो, तेविसाव्या प्रकरणात त्याला स्मारकासारखे एक पान मिळते आणि मग तो जहाजावर असूनही पुस्तकातून नाहीसा होतो. यावर तत्त्वज्ञान रचणारे विद्वान मी पाहिले आहेत. मला वाटते, मेल्व्हिल त्याला विसरला.

अलीकडच्या परीक्षणांत पात्रांची खतावणी मांडण्याची जी रीत पडली आहे तिचा मला मनस्वी कंटाळा आहे. आहाब म्हणजे अहंकार, स्टारबक म्हणजे विवेक, इश्माएल म्हणजे साक्षी; नावे डाव्या रकान्यात, गुण उजव्या रकान्यात, खाली बेरीज. या मंडळींनी एकशे तेविसावे प्रकरण मोठ्याने वाचून पाहावे. वादळ ओसरले आहे, वारा अनुकूल झाला आहे, आणि ती वर्दी देण्यासाठी स्टारबक कप्तानाच्या दाराशी आला आहे. भिंतीवरच्या घोडीत भरलेल्या बंदुका. त्यांतली एक, पूर्वी आहाबाने त्याच्यावरच रोखलेली, तो उचलतो. आत म्हातारा निजलेला. एक चाप ओढला तर तीस माणसांचे प्राण वाचतील आणि स्टारबकाला घरी बायकोचे व मुलाचे तोंड दिसेल. तो बंदूक दाराकडे धरतो, आतून झोपेतली आरोळी येते, त्याचा हात थरथरतो, आणि तो बंदूक जागेवर ठेवून वर जातो व स्टबला म्हणतो की, कप्तान गाढ झोपले आहेत, तूच जाऊन उठव. हा विवेक आहे की भित्रेपणा, नातीला ठरविता आले नाही. मलाही नाही. आणि मला सर्वांत बोचते ते त्यानंतरचे, कामाला दुसऱ्याला पाठविण्याचे, घरगुती वाक्य, जे कोणत्याही रकान्यात बसत नाही.

मुंबईकर वाचकाची या पुस्तकात एक खास अडचण आहे, तीही नमूद करतो. आहाबाचा गूढ साथीदार फेदल्ला. मेल्व्हिल त्याला पारशी म्हणतो, नाव अरबी वळणाचे देतो, सोबती मनिलाचे देतो आणि त्याच्याभोवती सैतानी धूर सोडतो. ज्याने लहानपणापासून अग्यारीवरून जा-ये केली आणि ज्याचे निम्मे दंतवैद्य व वकील पारशी होते, त्याला या गूढ अग्निपूजकाचे भय कसे वाटावे? परदेशी टीकाकार त्याच्यात काळी नियती पाहतात. मी पाहतो ते भूगोलाचे अज्ञान. माझे बरोबर आहे याविषयी मला तिळमात्र संशय नाही, तरी वादळात डोलकाठ्यांच्या टोकांवर फिकट पांढऱ्या ज्योती पेटतात आणि तो आहाबाच्या पायाशी गुडघे टेकतो, तेव्हा मीही गप्प बसतो.

राहता राहिला देवमासा. पंचेचाळिसाव्या प्रकरणात इश्माएल कोर्टात कैफियत द्यावी तसा साक्षीपुरावा देतो. 1820 साली माशाच्या धडकेने बुडालेल्या एसेक्स जहाजाचा दाखला रुजू करतो. का, तर लोकांनी आपल्या माशाला रूपककथा समजू नये म्हणून. रूपक नको म्हणून हात जोडणाऱ्या लेखकाच्या पुस्तकावर जगातली बहुधा सर्वाधिक रूपकविवरणे लिहिली गेली आहेत, आणि त्यांतली दोन माझी आहेत. एकात मासा ईश्वर होता, दुसऱ्यात निसर्ग. दोन्ही सुसंगत होती. ‘हा मासा म्हणजे नक्की काय?’ असे नातीने विचारले, तेव्हा तिसरे जिभेच्या टोकावर होते. ते मी गिळले, पण गिळताना किती कष्ट झाले हे मलाच माहीत.

मासा अखेर दृष्टीस पडतो तेव्हा टॅश्टेगो नावाचा भालाईत म्हणतो, मीही त्याच क्षणी पाहिला. आहाब ऐकत नाही. नाणे माझे, दैवाने माझ्यासाठीच राखले होते, असे सांगून मोकळा होतो. तथापि मासा मरेपर्यंत ते तो डोलकाठीवरच राहू देतो, आणि जहाजाबरोबर ते बुडते. मी असतो तर त्याच संध्याकाळी खिळा उपटला असता.