तक्त्याच्या आधी

वजन वाढलेल्या मुलांच्या घरात शिस्त कमी पडते, असं माझं ठाम मत होतं. आहारतज्ज्ञ म्हणून मी ते आईवडिलांना तोंडावर सांगायचे. पोळ्या किती, भात किती, मधल्या वेळी काय, याचा तक्ता फ्रिजवर लावा आणि खाऊचे डबे हाताला लागणार नाहीत असे ठेवा. तक्त्यातला हिशेब मला आजही बरोबर वाटतो. पण सुरुवात कुठून करायची, याबद्दलचं मत पार बदललं आहे.

ते बदललं नववीतल्या एका मुलीमुळे. तिच्या मानेवर काळपट, जाडसर पट्टा होता. शरीर इन्शुलिनला नीट दाद देईनासं झालं की त्वचा अशी होऊ शकते. तो मळ नसतो. आई मात्र डाळीचं पीठ लावून रोज ती मान खसाखसा घासायची, वर "स्वच्छ राहत नाहीस" हेही ऐकवायची. मागून कुणाला मान दिसू नये म्हणून मुलगी वर्गात शेवटच्या बाकावर बसायची. पीटीच्या तासाला तिचं हमखास पोट दुखायचं.

काय खाल्लं ते वहीत लिही, असं मी सगळ्यांनाच सांगते. तिला म्हटलं, खाण्याआधी काय घडलं तेही लिही. वही परत आली तेव्हा भुकेचा उल्लेख क्वचितच होता. तोंडी परीक्षेचा दिवस. गॅदरिंगसाठी नावं द्यायचा दिवस. मामेभावाचं लग्न, तिथे एका मावशीने चारचौघांत विचारलेलं, "कुठल्या गिरणीचं पीठ खातेस गं?" त्या लग्नात ती जेवलीच नाही. रात्री सगळे झोपल्यावर स्टुलावर चढून तिने वरच्या फळीवरचा चिवड्याचा डबा काढला आणि संपवला. तेव्हा भूक लागली होती का, असं विचारलं तर म्हणाली, "पोटात नाही. छातीत कसंतरी होत होतं."

हिल्डे ब्रूख या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७३ सालच्या आपल्या पुस्तकात नेमकं हेच मांडलं होतं. मूल कशानेही रडलं तरी त्याच्या तोंडात खाऊच पडला, तर भूक कुठली आणि बेचैनी कुठली हे त्याला ओळखता येत नाही. सगळा भार आईवर टाकणं मला पटत नाही. आनुवंशिकता आहे, जागरण आहे, मैदानं नाहीत, कोपऱ्यावरच्या दुकानात पाच-दहा रुपयांची पाकिटं लटकलेली आहेत. पण आपल्याकडे तान्हेपणी 'गुटगुटीत' म्हणून ज्या अंगाचं कौतुक होतं, त्याच अंगाची बाराव्या-तेराव्या वर्षी घरदार मिळून चेष्टा करतं, हे मी रोज पाहते. आणि चारचौघांत जायची धास्ती बहुतेक वेळा याच वयात मूळ धरते.

माझ्या डबे लपवण्याच्या सल्ल्याचं काय? फिशर आणि बर्च यांनी १९९९ साली लहान मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या खाऊवर बंधन घातलं त्याचाच मुलं जास्त विषय काढत, आणि बंधन उठलं की तोच जास्त घेत. ती मुलं बालवाडीच्या वयाची. चौदा वर्षांच्या पोरीला तर स्टूल आणता येतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली स्पष्टच सांगितलं की पालकांनी मुलांच्या वजनावरून बोलू नये, चिडवू नये, घरच्यांनी एकत्र जेवावं. डाएटिंगच्या नादाला लागलेल्या मुलांचं वजन पुढे वाढताना दिसतं, असंही त्यांनी म्हटलं.

"म्हणजे मोकळं सोडायचं?" हा प्रश्न येतोच. नाही. पाकिटं आणायचीच नाहीत, पण कुणासाठीच नाहीत. बाबांनी टीव्हीपुढे शेव-फरसाणची वाटी घेऊन बसायचं आणि लेकीला काकडी, हे चालणार नाही. बाबा ओरडतात म्हणून आजी हळूच लाडू देते. मग मूल एकच शिकतं, लपवून खायला. रक्ततपासणी, बालरोगतज्ज्ञांचा सल्ला हे हवंच. आणि शाळेत जायच्या नावाने हातपाय गार पडत असतील तर "लाजाळू आहे, होईल नीट" म्हणत न बसता समुपदेशकाकडे न्यायला हवं.

त्या मुलीचं वजन फारसं उतरलेलं नाही. रात्रीचे डबे मात्र बरेच कमी झाले आणि यंदा ती वर्गाबरोबर सहलीला गेली. मला हे मोठं वाटतं. तिच्या वडिलांना अजून वाटत नाही.

नव्या घरांना मी आता पहिल्या भेटीला वडील आणि आजीसकट बोलावते. तक्ता नंतर देते. फी भरून नुसत्या गप्पाच का, म्हणून काही पालक नाराज होतात. त्यांच्या हाती मी एक कोरी वही ठेवते आणि मुलाच्या अंगावरून घरात कोण काय बोललं, ते आठवडाभर लिहून आणायला सांगते.