काकांच्या पडवीतली रेघ

सुरतेजवळच्या इच्छापोरला ज्या घरात मी भाडेकरू होतो, तिथे दर दिवाळीला सगळ्या घराला रंग लागायचा, पडवीची एक भिंत सोडून. माझ्या खांद्याच्या उंचीवर तिच्यावर गाळाची तपकिरी रेघ होती, ऑगस्ट २००६ची. काकी कुरकुरायच्या. घरमालक काका म्हणायचे, "हे पुसलं तर पुढच्या पोरांना खरं वाटायचं नाही."

मी चोपडा तालुक्यातला, तापीकाठचा. हजिऱ्याला सर्व्हेअरची नोकरी लागली आणि तापीमाय भरती-ओहोटीत शिरते त्या टोकाला येऊन पडलो. खानदेशातला आहे म्हटल्यावर काका हसले, "म्हणजे रेल तुमच्याकडूनच येते!" रेल म्हणजे सुरती बोलीत पूर. डिपॉझिट मागितलं नाही. ते सुरती गुजराती बोलायचे, मी अहिराणी. विशेष अडायचं नाही. आणि त्यांचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. तापीचं पाणलोट क्षेत्र सुमारे ६५,००० चौरस किलोमीटर, त्यातलं जवळजवळ चार पंचमांश महाराष्ट्रात. बंगालच्या उपसागरावरून आलेला कमी दाबाचा पट्टा नदीच्याच दिशेने, पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतो. पाऊस आणि पूर बरोबरच चालत येतात, आणि सगळं ओझं शेवटी सुरतेच्या डोक्यावर.

एकदा पगार रखडला तेव्हा काकांनी भाड्याचं नावही काढलं नाही. ते पुढे फिटलं. भिंतीचं ऋण मात्र अजून फिटायचं आहे.

एका रविवारी मी उंची मोजायची ऑटो लेव्हल घरी आणली आणि गल्लीत उरलेल्या पुराच्या खुणा ठाऊक उंचीच्या बेंचमार्कशी जोडायला घेतल्या. मोजपट्टी धरायला काका. रस्त्याकडच्या भिंतींवरच्या खुणा वरखाली निघाल्या, कारण धावतं पाणी अडथळ्यावर चढतं. पडवी, गोठा आणि शेजाऱ्यांची मागची खोली इथल्या रेघा मात्र एका पातळीत आल्या. काकांना त्याचं नवल नव्हतं. "धावणाऱ्याला काय विचारतोस? थांबलेल्या पाण्याला विचार," म्हणाले.

पुढे वाचताना कळलं की पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागातले विश्वास काळे, डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा आणि अमेरिकेतले व्हिक्टर बेकर तापी-नर्मदेच्या वरच्या अंगाच्या खडकाळ घळींमध्ये नेमकं थांबलेल्या पाण्यालाच विचारत होते. महापुरात पाणी ओढ्यांच्या तोंडांत, कपारींत मागे सरतं, मंदावतं आणि बारीक वाळू-गाळ टाकून जातं. पुढचा मोठा पूर त्यावर आपला थर टाकतो. थरात कोळसा सापडला तर कार्बन-१४ वरून त्याचं वय काढता येतं. पाणी निदान त्या थराइतकं चढलं होतं, एवढं नक्की. आणि खडकातलं पात्र सहसा बदलत नसल्यामुळे त्या उंचीवरून विसर्गाचं गणितही मांडता येतं. आमच्या इच्छापोरला हे जमायचं नाही. मागे शोषखड्डा खणताना काकांनी वाळूचा एक पट्टा दाखवून "ही अडुसष्टच्या रेलची" असं ठामपणे सांगितलं होतं, पण इथे भरतीचा चिखल पुराच्या गाळात मिसळतो आणि वरून नांगर फिरतो.

अडुसष्टबद्दल त्यांचं दुसरं एक म्हणणं मात्र खरं ठरलं. "तेव्हा पाणी जास्त होतं, तरी वर चढलं एवढंच," असं ते म्हणायचे. मला ते म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटे. आकडे पाहिले, तर १९६८चा पूर सुमारे १५ लाख क्युसेकचा, उकाई धरण होण्याआधीचा. २००६ला धरणातून सोडलेलं पाणी ९ लाखांच्या आसपास. सुरतेतल्या होप पुलापाशी पातळी दोन्ही वेळा १२ मीटरच्या वर. म्हणजे मधल्या काळात पात्र किती आक्रसलं, ते सुरतेत कुणालाही दिसतं.

मग गॅझेटिअरही चाळायला लागलो. १८३७च्या एप्रिलमध्ये सुरत जळाली आणि त्याच वर्षी तापीनेही शहर धुऊन काढलं. सप्टेंबर १८७२मध्ये तापीला मिळणाऱ्या पांझरेने धुळ्यातली शेकडो घरं नेली. पण थरांचा इतिहास याहून फार मागे जातो. काळे आणि बेकर यांनी २००६मध्येच मांडलं की लघु हिमयुगाच्या काही शतकांत मध्य आणि पश्चिम भारतातल्या नद्यांचे पूर विलक्षण लहान होते. मोगलांचं बंदर म्हणून सुरत भरभराटीला आली ती याच काळात. नदीच्या शांत शतकांवर विसंबून शहर काठाला चिकटलं असावं, असा माझा तर्क आहे. त्याची जबाबदारी संशोधकांवर नको. काकांना तो पटला होता. "शांत होती म्हणूनच लोक बसले," एवढं म्हणून ते गोठ्यात गेले.

काका गेल्यावर मुलाने घर पाडून नवं बांधायला काढलं. पाडण्याआधी त्याने मला फोन केला, रेघेची पातळी विचारायला. माझ्या जुन्या फील्डबुकात ती होतीच. जोतं रेघेच्या दोन फूट वर घे, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "बापूजी तीन म्हणाले असते," आणि त्याने तीन घेतलं.