छंदांच्या रकान्यातला ड्रॅगन

रिझ्युमेच्या तळाशी ‘छंद’ नावाची एक ओळ असते. वाचन, संगीत, प्रवास हे तीन शब्द तिथे वर्षानुवर्षे मुक्कामाला आहेत. ते कोणी वाचेल असे लिहिणाऱ्यालाही वाटत नसते. त्याच ओळीत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आले की नजर थबकते. हे थबकणे पथ्यावर पडते की अंगाशी येते, हे बरेचसे वयावर आणि टेबलापलीकडच्या माणसावर ठरते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याला स्क्रीन लागत नाही. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. कोणी चोर होतो, कोणी मांत्रिक. एक जण ‘डंजन मास्टर’. तो गोष्ट पुढे नेतो, उरलेल्या सगळ्या पात्रांच्या तोंडून बोलतो आणि नियमांचा निवाडा करतो. बेत साधला की फसला, हे वीस बाजूंचा फासा सांगतो. १९८०च्या दशकात अमेरिकेत या खेळावर सैतानपूजेचा आळ आला होता. त्या काळी अर्जात त्याचे नाव घालणे म्हणजे संशयाला आमंत्रण होते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेने त्याला घराघरांत नेले. भारतातली अडचण साधी आहे: मुलाखत घेणारा त्याला मोबाइलवरचा गेम समजतो.

पदवीच्या शेवटच्या वर्षी, कॅम्पस प्लेसमेंटच्या वेळी, या ओळीला सर्वांत जास्त किंमत असते, कारण पानावर दुसरे फारसे काही नसते. नुसते नाव मात्र मुके राहते. ‘तीन वर्षे दर शनिवारी पाच जणांचा खेळ चालवला, कथा आणि नकाशे स्वतः केले’ असे लिहिले की प्रश्न येतोच: हे काय असते? इथे उमेदवार नियम समजावू लागला की संपले. त्याने एक संध्याकाळ सांगावी. सगळे रहस्य ठाऊक असलेला म्हातारा नावाडी. त्याच्याभोवती तीन आठवडे खपून रचलेले कथानक. आणि पहिल्या दहा मिनिटांत एका खेळाडूने त्याला नदीत ढकलून दिले. फासा टाकला, वीस आले, नावाडी बुडाला. मास्टरने पाण्याचा घोट घेतला आणि नावेतल्या टोपलीखालून नावाड्याची मुलगी बाहेर काढली. आयत्या वेळी विस्कटलेले काम सावरणे म्हणजे काय, हे फासा कधी न पाहिलेल्या मॅनेजरलाही यातून कळते.

यूपीएससीच्या सविस्तर अर्जातही छंद विचारले जातात आणि २७५ गुणांच्या मुलाखतीत त्यांवर खोदून प्रश्न येऊ शकतात. तिथे ‘वाचन’ लिहून मागचे पुस्तक न आठवणाऱ्यापेक्षा फाशाला वीसच बाजू का, हे सांगू शकणारा बरा.

छंदामुळे पारडे झुकल्याचे एक गाजलेले उदाहरण आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात गिल्ड, म्हणजे खेळाडूंचा संघ, चालवणाऱ्या स्टीफन जिलेट यांना याहूमध्ये नोकरी मिळताना तो अनुभव कसा उपयोगी पडला, हे २००६ मध्ये ‘वायर्ड’ने छापले. जिलेट मुळातच त्या पदाला लायक होते, हे ती गोष्ट सांगणारे बहुधा गाळतात.

उलट बाजूही आहे. लॉरेन रिवेरा आणि अँड्रस टिल्चिक यांनी अमेरिकेतल्या वकिली फर्मांना काल्पनिक उमेदवारांचे अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक छंदांसारख्या तपशिलांत. २०१६ च्या त्यांच्या निबंधानुसार नौकानयन, पोलो लिहिणाऱ्या पुरुषांना सर्वांत जास्त बोलावणी आली. म्हणजे ही ओळ आवडीच्या आडून वर्गही सांगते. बँक, ऑडिट, वकिली अशा ठिकाणी अनोळखी छंद म्हणूनच जपून लिहावा. गेम स्टुडिओत अर्ज करताना तो लपवणे मात्र शुद्ध वेडेपणा.

नोकरीत सात-आठ वर्षे झाली की हाताखालची माणसे आणि पूर्ण केलेली कामे पान व्यापतात. छंदाला अर्धी ओळ उरते. त्याच सुमारास लग्नाचा बायोडेटा तयार होतो आणि तिथे आई ‘ड्रॅगन्स’ खोडून ‘बोर्ड गेम्स’ करते. संपादन म्हणून ते चूक नाही. चाळिशीत ओळ उडते. गंमत अशी, की खेळ खरा मुरतो तो याच वयात: पाच संसारी माणसांना एका शनिवारी एका टेबलाशी आणण्यात मास्टरची निम्मी शक्ती जाते.

तोवर तोही मुलाखती घेऊ लागलेला असतो. एखाद्या अर्जाच्या तळाशी ते नाव दिसले, तर पात्र कोणते, पातळी कितवी, यांत तो शिरत नाही. तुमच्या गटात तारखा कोण जुळवते, एवढेच विचारतो.