उतारावरचा सब्र
डेन्व्हरला भाईजानांकडे गेलो, तेव्हा त्यांचा 'फिफ्थ-व्हील' ट्रेलर, म्हणजे चाकांवरचे घरच, दारात उभा होता. "जुना पिकअप ओढायचा की!" आम्ही म्हणालो.

"ओढायचा, पण पेलत नव्हता."

या ट्रेलरची मान पिकअपच्या हौद्यात, मागच्या ॲक्सलवर टेकते. ५,००० किलोंच्या ट्रेलरचा साधारण पाचवा हिस्सा, १,००० किलो, तिथे येतो. जुन्या गाडीची भार पेलण्याची मर्यादा ७५० किलो; त्यातच माणसे आणि सामान. व्याजाचे कर्ज नको म्हणून भाईजानांनी २ वर्षे ट्रेलर हलवला नाही. मग मागे ४ चाकांचा, वापरलेला वजनदार पिकअप रोखीने घेतला.

दुसऱ्या दिवशी सुमारे ३,४०० मीटर उंचीवरचा आयझेनहॉवर बोगदा ओलांडला. पुढे डिलनकडे तीव्र उतार. कडेला ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी खडीच्या चढत्या वाटा. त्या पाहून भाभी हळूच म्हणाल्या, "दोन वर्षं मुलं रुसली होती. आज त्यांना कळलं."

डिलनच्या तलावाकाठी जोहरची कसर नमाज अदा केली. वर्गात 'सब्र'चा अर्थ आम्ही 'धीर' एवढाच सांगत आलो. आता हा उतारही सांगू.