आजोबांचा चाकू

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा बोथटच आहे. चुकलं तर सांभाळून घ्या!

आमच्या आजोबांकडे एक जुना घडीचा चाकू आहे. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचा. पात्यावर तारा आणि माल्टीज क्रॉस. ही रॉजर्स कंपनीची जुनी खूण. आजोबा ओव्हरसियर होते. नोकरीभर याच चाकूने त्यांनी पेन्सिलींना टोक काढलं.

फर्स्ट इयरच्या सुट्टीत वाटलं, आजोबांना सरप्राईज द्यावं. पातं काळपट पडलं होतं. पॉलिश पेपर घेऊन दोन तास घासलं, आरशासारखं चकचकीत केलं. आजोबांनी पाहिलं, "छान" म्हणाले आणि चाकू मिटून खिशात ठेवला. बस्स.

पुढे मेटलर्जी शिकताना कळलं, की कार्बन स्टीलवर वापराने चढणारा तो राखाडी थर म्हणजे घाण नव्हे. उलट तांबड्या गंजाला तो थोडाफार अडवतो. जुने चाकू जमवणारे त्याला हात लावत नाहीत. म्हणजे मी कित्येक वर्षांचे आंबे-पेरू पुसून टाकले होते! खूणसुद्धा पुसट झाली.

दिवाळीत घरी जाऊन सॉरी म्हटलं. आजोबा हसले. "अरे, पाठीची स्प्रिंग शाबूत आहे ना? पातं उघडं धरते तीच, मिटलेलं धरते तीच." टक्! पातं उघडलं. माझ्या हातात पेरू दिला. "काप. आता तू काळा कर."

चाकू घरीच आहे, रेक्टर सरांनी काळजी करू नये. पण दर सुट्टीत एक पेरू ठरलेला.