घोट लहान झाला पाहिजे

कुणी ‘मला दारू नको’ म्हटलं की बारमध्ये पहिली काही वर्षं मीही लिंबाचा रस, साखरेचा पाक, सोडा आणि वर पुदिन्याची काडी एवढंच करून देत असे. ग्लास देखणा दिसायचा. पण काउंटरमागून मला दिसे, की शेजारच्याचा पेग अर्धाही झालेला नाही आणि याचा ग्लास रिकामा. मग तो बर्फ चघळत बसे. दुसरा मागवत नसे. इतकं गोड दोनदा जात नाही.

दारू काढली की घशातली जळजळ जाते, वास नाकापर्यंत नेणारी वाफ जाते आणि जिभेवर जाणवणारं अंगही जातं. ती जागा साखरेनं भरली की सरबत होतं. ते तहानेसाठी, गटागटा प्यायचं. गप्पांना ते पुरत नाही.

जळजळीसाठी आलं आणि मिरी करून पाहिली. खरं उत्तर सापडलं तिरफळात, आमच्याकडे बांगड्याच्या आमटीत पडतं ते. आतली काळी बी काढून टाकायची, नुसतं टरफल ठेचून गरम पाण्यात भिजत ठेवायचं. त्या पाण्यानं जिभेला मुंग्या येतात आणि घोट आपोआप लहान होतो. अंगासाठी कोरा चहा, मुद्दाम जरा जास्त उकळलेला. त्याचा तुरटपणा तोंडात रेंगाळतो. आंबटाला कोकमाचं आगळ. माझं माप असं: ६० मिली गार चहा, १० मिली आगळ, १५ मिली तिरफळाचं पाणी, १० मिली गुळाचा पाक. आगळ आधी चाखायचं, प्रत्येकाचं मीठ वेगळं असतं. वासासाठी संत्र्याची साल ग्लासावर पिळायची, तिचं तेल वर तरंगतं.

हे शेकरमध्ये घालू नका. कडक दारूला वितळलेलं पाणी सौम्य करतं, इथे ते सगळी चवच पातळ करतं. बर्फाचा एकच मोठा खडा पुरे.

२०१५ साली ब्रिटनमध्ये सीडलिप नावाचं, ऊर्ध्वपातन करून केलेलं मद्यविरहित पेय बाजारात आलं. तशा बाटल्यांत सुगंध छान असतो, पण माझ्या जिभेला त्यात अंग कमी वाटतं. ते आपल्यालाच द्यावं लागतं.

श्रावण पाळणाऱ्या एका जुन्या गिऱ्हाइकाला मी हा ग्लास पहिल्यांदा दिला, तेव्हा मित्रांचा पेग संपेपर्यंत त्यांचाही पुरला. आणि त्यांनी दुसरा मागवला.

बार चालवणाऱ्यांना एक विनंती. असं पेय मेनूच्या शेवटच्या पानावर, मुलांच्या मिल्कशेकखाली छापू नका. व्हिस्कीच्या शेजारी छापा.