एकाच घरातले दोन अनोळखी

आमच्या जाफराबाद तालुक्यातल्या जुन्या घरांत अजूनही पत्र्याची पेटी असते आणि त्या पेटीत उर्दूतले कागद असतात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि सरकारी कामकाज उर्दूत चालायचं. त्यामुळे असे कागद फक्त मुसलमानांच्याच घरी निघतात असं नाही. पाटलाकडे, माळ्याकडेही निघतात. मग वाचणारा माणूस शोधत लोक अब्बांकडे येतात.

अब्बांचं वय शहात्तर. शिकस्ता वळणाचं घाईचं अक्षर घरात फक्त त्यांना लागतं. मला छापील उर्दू तेवढी येते. म्हणून आम्ही ठरवलं, बैठकीतल्या कॉम्प्युटरवर अब्बांनी कागद स्कॅन करून वाचन लिहायचं आणि मी आतल्या खोलीत लॅपटॉपवर त्याचं मराठी करायचं. सुरुवातीला पेन ड्राइव्हने ने-आण केली. आठवड्यात एकाच फाइलच्या दोन-तीन प्रती झाल्या. एकीत सर्व्हे नंबर २७, दुसरीत ३७. उर्दू अंकांत दोन आणि तीन यांच्यात एका दात्याचाच फरक असतो. कुणाच्या जमिनीचा नंबर असा दोन जागी दोन राहू देणं बरं नव्हे. फाइल एकच हवी, आणि ती दोघांना दिसायला हवी.

फोल्डर शेअर केला, पण लॅपटॉपवर अब्बांचा कॉम्प्युटर दिसेचना. अब्बा म्हणाले, "एकच घर में हैं ना, फिर दिखते कायकू नै?"

प्रश्न बरोबर होता. अशा वेळी सगळी बटणं दाबत सुटण्यापेक्षा क्रमाने तीन गोष्टी विचाराव्यात.

पहिली, दोघं खरंच एका जाळ्यात आहेत का? राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय असतं. त्यावर जोडलेल्या यंत्राला बहुधा घरातली बाकी यंत्रं दिसत नाहीत. दोन्हीकडे आयपी पत्ता पाहिला. पहिले तीन आकडे सारखेच, १९२.१६८.१. म्हणजे गल्ली एकच होती.

दुसरी, दार उघडं आहे का? विंडोज प्रत्येक जोडणीला 'पब्लिक' किंवा 'प्रायव्हेट' समजतं. पब्लिक म्हणजे एसटी स्टँडवरचं वायफाय. तिथे ते स्वतःला लपवतं. अब्बांच्या कॉम्प्युटरला आपलं घरही स्टँडच वाटत होतं. ते प्रायव्हेट केलं आणि शेअरिंग चालू केलं. तरीही यादीत नाव आलं नाही, तर पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन थेट आयपी पत्ता लिहावा. यादीत नाव नसलं तरी दार असू शकतं.

तिसरी, तू कोण? इथेच बहुतेकांचं अडतं. अब्बांच्या खात्याला पासवर्डच नव्हता, आणि बिनपासवर्डच्या खात्याला विंडोज जाळ्यावरून आत घेत नाही. रोज वापरतो तो चार आकडी पिनही इथे चालत नाही. म्हणून अब्बांच्या कॉम्प्युटरवर या कामापुरतं एक वेगळं खातं काढलं आणि त्याला पासवर्ड दिला. परवानगीही दोन ठिकाणी द्यावी लागते, शेअरिंगमध्ये आणि फोल्डरच्या सिक्युरिटीमध्ये. दोन्हींत जी कडक, ती लागू होते.

एका ओळखीच्या मेकॅनिकने सोपा उपाय सांगितला होता, "फायरवॉल बंद करा, जुनं एसएमबी-१ चालू करा." शेअरिंग त्यानेही झालं असतं. पण मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस याच एसएमबी-१ मधल्या फटीतून एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेला, आणि ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांचं कामही अडलं. ती फट बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी घेतलं नाही, ते सापडले. त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या विंडोज १० मध्ये एसएमबी-१ बसवणंच थांबलं. जुन्या व्हिडिओंत सांगतात ते होमग्रुपही २०१८ मध्ये काढून टाकलं गेलं. लोकांनी विश्वासाने दिलेले कागद ज्या यंत्रात आहेत, त्याची कडी काढून ठेवायची नाही.

आता फोल्डर दोन आहेत. एकात अब्बा आणि मी लिहितो. दुसऱ्यात मूळ स्कॅन आहेत. ते माझ्या लॅपटॉपवरून फक्त पाहता येतात, बदलता येत नाहीत.

या जाळ्याला इंटरनेट लागत नाही, राउटर चालू असला की पुरे. काल दुपारी लाइट गेली, नेटही गेलं. इन्व्हर्टरवर राउटर तेवढा लुकलुकत होता. मी आतून ओरडून विचारलं, "अब्बा, ये दो है क्या तीन?"

बैठकीतून उत्तर आलं, "तीन. दाते गिन."